वडशाच्या पुढे : वनप्रदेशात रेल्वे आणि एसटी

सार्वजनिक वाहतुकीवर पैसा खर्च करायचा ठरला की रूळ टाकावेत की बस वाढवाव्यात, हा वाद ठरलेला असतो. मोठ्या शहरात तो मेट्रो आणि बसमार्गिका यांच्यात रंगतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत एका बाजूला वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. दुसऱ्या बाजूला राज्य परिवहनची एसटी, तिला लागणारे रस्ते आणि त्या रस्त्यांवरचे पूल आहेत. रेल्वेची मागणी करणारे म्हणतात की जिल्हा मुख्यालयाला रूळ लागल्याशिवाय उद्योग येणार नाहीत आणि मागासलेपण हटणार नाही. एसटीची बाजू घेणारे विचारतात की ज्या गावात पावसाळ्यात बसच पोहोचत नाही, त्या गावाला रेल्वेचा उपयोग काय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. त्यातले कोणते कुठवर लागू पडते, हे प्रदेशाची ठेवण, रेल्वेचा इतिहास, एसटीची कार्यपद्धती आणि जंगलाच्या अटी पाहिल्यावर ठरवता येते.

शहरांचा अनुभव

बसला रस्त्यावर वेगळी मार्गिका देण्याचा प्रयोग ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९७४ मध्ये केला. कोलंबियातील बोगोटाने २००० मध्ये तो मोठ्या प्रमाणावर राबवला. भारतात पुण्याने २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर सुरुवात केली. दिल्लीने २००८ मध्ये आणि अहमदाबादने २००९ मध्ये तीच वाट धरली. अहमदाबादची व्यवस्था टिकली. दिल्लीची मार्गिका २०१५ मध्ये मोडीत काढण्याचा निर्णय झाला. पुण्यात मार्गिका अर्धवट राहिल्या आणि नगर रस्त्यावरील काही भाग काढून टाकण्यात आला. मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली. विदर्भात नागपूरची मेट्रो २०१९ पासून सुरू आहे.

या उदाहरणांतून तीन गोष्टी निघतात. रुळावरची वाहतूक एका वेळी प्रचंड गर्दी वाहून नेते, पण तिचा उभारणीखर्च मोठा असतो आणि मार्ग एकदा ठरला की हलवता येत नाही. बसचा खर्च कमी असतो आणि मार्ग बदलता येतो. मात्र रस्त्यावर तिला अग्रक्रम मिळाला नाही, तर ती इतर वाहनांच्या गर्दीत अडकते. तिसरी गोष्ट अशी की मेट्रो असो वा बसमार्गिका, प्रवासी घरून स्थानकापर्यंत कसा येणार याची सोय नसेल तर दोन्ही निम्म्या रिकाम्या धावतात.

शहरात हा वाद गर्दीच्या हिशेबाने सुटतो. एका दिशेने तासाला किती माणसे जातात, यावर साधन ठरते. वनप्रदेशात गर्दी नसते, विखुरलेपण असते. तिथे हिशेब वेगळा मांडावा लागतो.

प्रदेशाची ठेवण

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार. चौरस किलोमीटरला ७४ माणसे एवढीच घनता पडते. राज्याची सरासरी त्या वेळी ३६५ होती. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. गावे दीड हजारांहून अधिक आहेत आणि त्यातली बरीच काहीशे वस्तीची. गडचिरोली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ५४ हजार होती.

जिल्हा उत्तर-दक्षिण लांबट आहे. उत्तरेच्या कोरचीहून दक्षिणेच्या सिरोंचाला रस्त्याने जायचे तर तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. पश्चिमेला वैनगंगा आणि पुढे प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, पूर्वेला इंद्रावती अशा नद्यांनी तो वेढलेला आहे. आत गाढवी, खोब्रागडी, कठाणी, पर्लकोटा आणि असंख्य नाले आहेत. वैनगंगेच्या काठचा देसाईगंज, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी हा पट्टा धानाचा. अहेरी, एटापल्ली, भामरागड, मुलचेरा आणि सिरोंचा हे दक्षिणेचे तालुके दाट जंगलाचे.

चंद्रपूरचे चित्र निराळे आहे. बल्लारपूर, राजुरा, वरोरा, भद्रावती, घुग्घुस या भागात कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज यांचे कारखाने उभे राहिले. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. पण त्याच जिल्ह्यातील सिंदेवाही, सावली, पोंभुर्णा, गोंडपिपरी हे तालुके राहणीने आणि दळणवळणाने गडचिरोलीलाच जवळचे आहेत.

रूळ आले ते मालासाठी

या भागात रेल्वे आली ती माणसांसाठी नव्हे. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत फाटा टाकला गेला, तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. पुढे तो बल्लारशाकडे वाढला. बल्लारशा-काझीपेठ दुवा जोडला गेला आणि १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा दिल्ली-मद्रास लोहमार्गावर आला. दुसरी रेषा बंगाल-नागपूर रेल्वेची. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्यापर्यंत अडीच फुटी अरुंद रूळ विसाव्या शतकाच्या आरंभी पडले. लाकूड, बांबू, धान आणि दुष्काळात धान्याची ने-आण, हे त्यांचे काम होते. नागपूर-नागभीड हा त्याच जाळ्याचा एक धागा.

गोंदिया-चांदाफोर्ट मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्याच मार्गावर देसाईगंजचे वडसा हे स्थानक आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला आलेले ते एकुलते एक. जिल्हानिर्मितीनंतरही मुख्यालयाचा माणूस रेल्वे पकडायला वडशाला, नाहीतर चंद्रपूर-बल्लारशाला जात राहिला.

मालासाठी टाकलेल्या रुळांची एक खूण आजही दिसते. चंद्रपूर शहरात दोन रेल्वेस्थानके आहेत. ‘चंद्रपूर’ हे मध्य रेल्वेचे, ‘चांदाफोर्ट’ हे दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचे. ती शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत आणि एसटीचे बसस्थानक तिसऱ्याच ठिकाणी. मूल किंवा सिंदेवाहीहून गाडीने आलेल्या आणि पुढे मुंबईची गाडी धरायची असलेल्या प्रवाशाला पिशव्या घेऊन ऑटो करावा लागतो. रेल्वे की बस असा वाद घालण्याआधी रेल्वेचेच दोन मार्ग एकमेकांना प्रवाशाच्या सोयीने जुळलेले नाहीत, हे ध्यानात घ्यावे लागते.

वडसा-गडचिरोली मार्ग

हा मार्ग २०११-१२ मध्ये मंजूर झाला. खर्चाचा निम्मा भार केंद्राने आणि निम्मा राज्याने उचलायचा, असे ठरले. सुरुवातीला काहीशे कोटींत असलेला अंदाज पुढे हजार कोटींच्या पलीकडे गेला. दिरंगाईची कारणे नेहमीचीच आहेत. खासगी जमिनीचे संपादन, वनजमिनीची परवानगी, वन्यजीवांसाठी करावयाची बांधकामे, आणि नद्यांवरचे पूल. मंजुरी मिळाल्यावर दशक उलटले तरी मुख्यालयापर्यंत गाडी पोहोचली नव्हती.

रेल्वेच्या बाजूचा मुद्दा भक्कम आहे. बारा डब्यांची एक लोकल गाडी हजारावर प्रवासी नेते. तिकीट एसटीपेक्षा स्वस्त पडते. पाऊस कितीही पडला तरी भरावावरचा रूळ आणि उंच पूल सहसा चालू राहतात. आजारी माणसाला झोपून जाता येते. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, त्याचे क्षेत्र दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे, आणि विद्यार्थ्यांची ये-जा कायमची आहे.

पण या मार्गाच्या दोन मर्यादा नीट पाहायला हव्यात. पहिली, तो देसाईगंज, आरमोरी आणि गडचिरोली या तीनच तालुक्यांतून जातो. हाच जिल्ह्याचा सर्वांत सपाट आणि रस्त्यांनी सर्वांत जोडलेला पट्टा. जिथे बस आधीच बरी चालते तिथे रूळ येतो. अहेरी तालुक्यातील आलापल्ली गडचिरोली स्थानकापासून शंभरेक किलोमीटर दूर राहते आणि सिरोंचा त्याच्या दुप्पट.

दुसरी मर्यादा जोडणीची. गडचिरोलीकराला मोठे इस्पितळ, मोठी बाजारपेठ, वरचे कार्यालय यांसाठी नागपूर गाठायचे असते. वडशाहून नागपूरला ब्रॉडगेजने जायचे तर गोंदियाचा किंवा चंद्रपूरचा वळसा पडतो. सरळ वाट नागभीड-उमरेड मार्गाची. तो अरुंद मार्ग रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाला. तो ब्रॉडगेज होऊन सुरू झाल्यावरच गडचिरोलीचे ५२ किलोमीटर नागपूरच्या कामाचे ठरतात. तोवर प्रवाशाला उमरेडमार्गे धावणारी एसटीच सोयीची. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशा मार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. एकेरी मार्गावर मालगाडीसाठी प्रवासी गाडी बाजूला थांबवून ठेवण्याचा त्रास त्यामुळे कमी होईल.

एसटी कशी चालते

राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आज गडचिरोली विभागात गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी ही आगारे आहेत. अहेरी आगारावर दक्षिणेच्या पाच तालुक्यांचा भार आहे.

वनप्रदेशातली एसटी समजून घ्यायची तर मुक्कामी गाडी पाहावी. ती संध्याकाळी आगारातून सुटते. बाजार करून परतणारे, दवाखान्यातून येणारे, आश्रमशाळेतून सुट्टीवर निघालेले असे प्रवासी घेत ती रात्री शेवटच्या गावी पोहोचते. चालक-वाहक तिथेच ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा गाडीतच झोपतात. पहाटे तीच गाडी तालुक्याकडे निघते. तिच्यात शाळेची मुले असतात, कार्यालयात खेटे घालणारे असतात, टपावर सायकली आणि पोती असतात. गाडी मुक्कामी असल्यामुळेच माणूस सकाळी निघून काम आटोपून त्याच दिवशी घरी परततो. फेरी सकाळी आगारातून सुटणारी असती, तर ती गावात दुपारी पोहोचली असती आणि दिवस वाया गेला असता. रेल्वेला ही लवचीकता कधीच साधत नाही.

मुलींच्या शिक्षणासाठी मानव विकास कार्यक्रमातून दिलेल्या निळ्या बस याच तत्त्वावर चालतात. शाळेच्या वेळेनुसार त्यांचे वेळापत्रक बसते. त्यातच २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. भाडे परवडते म्हणून आठवडी बाजाराला आणि दवाखान्याला जाणाऱ्या बायकांना एसटी सोयीची झाली.

एसटीची अडचण भारमानाची आहे. गाडी किती टक्के भरली यावर फेरी टिकते. विरळ वस्तीच्या मार्गावर भारमान कमी, म्हणून तोटा, म्हणून फेरी कमी, आणि फेरी बेभरवशाची झाली की प्रवासी खासगी काळी-पिवळी जीपकडे वळतो. मग भारमान आणखी घसरते. २०२१ च्या शेवटी सुरू झालेल्या आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात हे चक्र सर्वांनी पाहिले. काळी-पिवळी न पोहोचणाऱ्या गावांत तेव्हा पायी चालण्यावाचून पर्याय उरला नव्हता.

रस्ता आणि पूल

बसची खरी अडचण इंजिनात नसून रस्त्यात असते. शहरात बसला मोटारींपासून वाचवायचे असते, इथे पुरापासून. ओढ्या-नाल्यांवरचे रपटे आणि ठेंगणे पूल पावसात बुडतात आणि मार्ग बंद होतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांच्या संगमावरचे भामरागड दर पावसाळ्यात जगापासून तुटायचे. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेचे पाणी उपनद्यांत मागे चढते आणि गडचिरोलीचे मुख्य मार्गही अडतात. रस्ता अडला की रुग्णाला, विशेषतः बाळंतीण होऊ घातलेल्या बाईला, खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो.

पूल नसल्याची किंमत फक्त पावसाळ्यात मोजावी लागते असे नाही. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे मिरची तोडायला चंद्रपूरच्या बाजूला निघालेल्या शेतमजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणींचा मृत्यू झाला. समोरचा काठ दिसत असतो, पण रस्त्याने जायचे तर लांबचा फेरा पडतो.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत चित्र काही प्रमाणात पालटले. नक्षलग्रस्त भागांसाठीची रस्ते योजना २००९ मध्ये आली आणि तिचा दुसरा टप्पा २०१६ मध्ये. सिरोंचाजवळ गोदावरीवर मोठा पूल झाला आणि तेलंगणाची वाट मोकळी झाली. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या ३२ किलोमीटरच्या रस्त्याचे आणि अहेरी-गर्देवाडा बससेवेचे उद्घाटन झाले. स्वातंत्र्यानंतर त्या भागात पोहोचलेली ती पहिली एसटी. रस्ता आणि बस एकाच दिवशी सुरू करण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे. एरवी डांबर पडते आणि फेरी सुरू व्हायला वर्षे लागतात.

जंगलाच्या अटी

रूळ असो वा रस्ता, इथे तो जंगलातूनच जातो. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. मोठ्या प्रकल्पाला १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(२) मात्र गावाला लागणाऱ्या रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी वेगळी वाट देते. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, या तिच्या अटी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून या जिल्ह्यातील ग्रामसभांना आपल्या शिफारशीचे वजन ठाऊक आहे. गावरस्ता आणि लहान पूल या वाटेने लवकर मार्गी लागू शकतात. रेल्वेमार्गाला ही सवलत नाही.

वन्यजीवांचा प्रश्न रेल्वेला अधिक जड जातो. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूर-गोंदिया मार्गावर चिचपल्लीजवळ रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे मेले. हा मार्ग ताडोबाच्या वाघांच्या भ्रमणमार्गातून जातो. वडसा-आरमोरीच्या जंगलातही वाघ आहेत, आणि ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप त्याच भागात फिरतो. रस्त्यावर चालक ब्रेक दाबू शकतो, वळू शकतो. रेल्वेगाडीला ते वेळेत शक्य नसते. म्हणून उंचावरचा मार्ग आणि जनावरांसाठी भुयारी वाटा आराखड्यातच घ्याव्या लागतात. पेंचमध्ये राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ पूल-भुयारे बांधली गेली. वाघासह अनेक प्राणी त्यांखालून जातात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. या बांधकामांचा खर्च प्रकल्पाचाच भाग धरावा लागतो. तो नंतर वाढीव म्हणून आला की दिरंगाईचे खापर जंगलावर फुटते.

लोहखनिज आणि रस्त्याची वाटणी

एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या लोहखनिजामुळे या वादात तिसरा घटक आला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथली सुमारे ऐंशी वाहने जाळली. २०२१ नंतर उत्खनन वाढले आणि आलापल्ली-आष्टी मार्गावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागली. रस्ते उखडले, अपघात झाले, गावकऱ्यांनी रास्ता रोको केला. त्याच रस्त्याने एसटीलाही जायचे असते.

इथे रेल्वेचा हिशेब सरळ आहे. एक मालगाडी साडेतीन ते चार हजार टन माल नेते. ट्रकला वीस-पंचवीस टन धरले तर एका गाडीमागे सुमारे दीडशे ते दोनशे ट्रक रस्त्यावरून कमी होतात. पोलादी चाक पोलादी रुळावर अत्यल्प घर्षणाने फिरते, म्हणून टनामागे इंधनही कमी लागते. जड, ठरावीक ठिकाणाहून ठरावीक ठिकाणी जाणाऱ्या मालासाठी रुळाला तोड नाही. २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. तिच्यातून खनिज पाण्यात कालवून नेले जाते, आणि तेवढे ट्रक रस्त्यावरून हटतात. शहरातील बसमार्गिकेचा हेतू बसला मोकळा रस्ता देण्याचा असतो. आलापल्लीच्या रस्त्यावर तोच हेतू जड माल रुळावर किंवा नळीत टाकून साधतो.

क्रम कसा लावावा

एकूण विचार करता रेल्वे आणि एसटी यांची कामे वेगळी आहेत. जड माल आणि शंभर-दीडशे किलोमीटरपलीकडचा प्रवास हे रेल्वेचे काम. विखुरलेल्या गावांतून माणूस तालुक्याला आणि स्थानकाला आणणे हे एसटीचे काम. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी परिस्थिती या प्रदेशात कुठेच नाही. खरी निवड पैशाच्या क्रमाची आहे, आणि तो क्रम दक्षिणेच्या तालुक्यांकडे पाहून लावला पाहिजे.

पहिला हक्क पुलांचा. जे मार्ग पावसाळ्यात बंद पडतात त्यांवरील ठेंगणे पूल उंच झाले, की त्याच रस्त्यावर त्याच गाड्यांत बारमाही सेवा मिळते. यासाठी नवा मार्ग शोधावा लागत नाही आणि मोठी वनजमीनही लागत नाही. दुसरा हक्क फेऱ्यांचा. विरळ मार्गावरील मुक्कामी गाडीचा तोटा एसटीने शहरी मार्गांच्या नफ्यातून भरून काढावा, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. शाळा आणि दवाखाना यांचा खर्च जसा सरकार उचलते, तसा या फेरीचाही उचलला पाहिजे. भारमान हा तिचा निकष असू नये. गावातून त्या दिवशी तालुक्याला जाऊन परतता येते का, हा असावा.

तिसरा हक्क रेल्वेचा, पण जोडणीसह. गडचिरोली स्थानकाबाहेर अहेरी, धानोरा आणि चामोर्शीच्या बस रेल्वेच्या वेळेला उभ्या असल्या पाहिजेत. रेल्वे आणि एसटीचे वेळापत्रक एकत्र छापले जावे आणि गाडीला उशीर झाला तर शेवटची बस थांबावी. रेल्वेस्थानक एकीकडे आणि बसस्थानक दुसरीकडे अशी चंद्रपूरची चूक पुन्हा करू नये. नागभीड-नागपूर मार्ग आणि वडसा-गडचिरोली मार्ग एकाच आराखड्याचे दोन भाग मानावेत, कारण पहिल्याशिवाय दुसऱ्याचा लाभ अर्धाच राहतो.

गडचिरोलीहून पुढे बिजापूरमार्गे बचेलीपर्यंत रूळ नेण्याच्या सर्वेक्षणाचीही चर्चा आहे. तो मार्ग झाला तर तो प्रामुख्याने खनिजाचा असेल. त्या वेळीही दोन प्रश्न आधी विचारावे लागतील. मार्गावर प्रवासी गाडी किती आणि कुठे थांबेल, आणि त्या थांब्यावर कोणत्या गावची बस येईल? दीडशे वर्षांपूर्वी वरोऱ्याचा कोळसा न्यायला फाटा टाकला गेला तेव्हा हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. ग्रामसभेला आता शिफारशीचा अधिकार आहे, म्हणून ते विचारण्याची जागाही आता आहे.